‘रोम, ओपन सिटी’: मित्रदेशाच्या राजधानीत जर्मन कुणाला पकडत होते?

रोबेर्तो रॉसेलिनीचा ‘रोम, ओपन सिटी’ हा १९४५ सालचा चित्रपट फिल्म सोसायट्यांच्या यादीत हटकून असतो. रसग्रहण शिबिरात तो दाखवतात, फळ्यावर ‘नववास्तववाद’ असा जड शब्द लिहितात, आणि दिवे लागले की मागच्या रांगेतून कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, “पण इटली तर हिटलरच्याच बाजूनं होती ना? मग हे जर्मन इटालियन लोकांनाच का मारतायत?”

प्रश्न रास्त आहे. जर्मनी, इटली, जपान ही तीन नावं आपण शाळेत एका दमात पाठ केलेली असतात. आणि चित्रपट या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या भानगडीतच पडत नाही. तो पहिल्यांदा दाखवला गेला सप्टेंबर १९४५ मध्ये, खुद्द रोममध्ये, शहर मुक्त होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं असताना. समोर बसलेल्या प्रेक्षकानं ते सगळं अंगावर काढलेलं होतं. त्याला पडद्यावर तारखा आणि खुलासे कशाला हवेत? ऐंशी वर्षांनंतर, हजारो किलोमीटरवरून पाहणाऱ्या आपल्याला मात्र ते लागतात.

गोष्ट थोडक्यात

काळ १९४३-४४ चा. जोर्जो मानफ्रेदी हा भूमिगत कम्युनिस्ट पुढारी जर्मन पोलीस दारात येताच छपरावरून पळ काढतो आणि फ्रान्चेस्को या छापखान्यातल्या कामगाराच्या घरी आसऱ्याला येतो. इमारत कामगारवस्तीतली, जिन्यावर सतत पोरांचा आणि बायकांचा राबता. तिथेच पिना राहते. नवरा वारलेला, पदरात एक मुलगा, पोटात फ्रान्चेस्कोचं मूल, आणि दुसऱ्या दिवशी दोघांचं लग्न. लग्न लावणार आहेत दॉन पिएत्रो. इटलीत कॅथलिक पाद्र्याच्या नावाआधी आदरानं ‘दॉन’ लावतात. हे दॉन पिएत्रो पुस्तकांच्या पानांत नोटा लपवून डोंगरातल्या बंडखोरांना पोचवतात.

लग्नाच्या दिवशी सकाळी जर्मन सैनिक इमारतीला वेढा घालतात आणि पुरुषांना ट्रकमध्ये कोंबतात. फ्रान्चेस्कोला नेताना पाहून पिना सगळ्यांचे हात झिडकारून ट्रकमागे धावत सुटते. गोळी लागते आणि ती रस्त्यात कोसळते. तेव्हा चित्रपट अजून निम्मा बाकी असतो. नायिका मध्यावरच जाते आणि पुढे तिच्यासाठी रडायलाही कुणाला फारशी सवड मिळत नाही. पुढे मानफ्रेदीची प्रेयसी मारिना फरचा कोट आणि अमली पदार्थ यांच्या बदल्यात त्याचा ठावठिकाणा सांगते. मानफ्रेदी छळ सोसत मरतो, पण तोंड उघडत नाही. दॉन पिएत्रोंना गोळ्या घातल्या जातात.

इटलीनं बाजू कधी बदलली?

इटलीत १९२२ पासून बेनितो मुसोलिनीची सत्ता होती. फॅसिझम म्हणजे काय, तर एक नेता, एक पक्ष, विरोधकाला तुरुंग किंवा लाठी, आणि हे सगळं राष्ट्राच्या नावानं. या शब्दाचा जन्मच इटलीतला. १९४० मध्ये मुसोलिनीनं हिटलरच्या जोडीनं युद्धात उडी घेतली आणि तीन वर्षांत देश डबघाईला आणला.

पुढचं सगळं १९४३ च्या उन्हाळ्यात अवघ्या दोन महिन्यांत घडलं. १० जुलैला ब्रिटन-अमेरिकेच्या फौजा, म्हणजे दोस्त राष्ट्रं, सिसिलीत उतरल्या. १९ जुलैला रोमवर पहिला मोठा बॉम्बहल्ला झाला आणि सान लोरेन्झो ही रेल्वे यार्डालगतची कामगारवस्ती उद्ध्वस्त झाली. २५ जुलैला मुसोलिनीच्याच पक्षाच्या वरिष्ठ मंडळानं त्याच्याविरुद्ध मत दिलं आणि राजा व्हिक्टर इमॅन्युएलनं त्याला अटक करवली. नवा पंतप्रधान झाला मार्शल बादोल्यो. त्यानं वर वर जर्मनीशी दोस्ती कायम असल्याचं सांगितलं आणि आतून दोस्त राष्ट्रांशी बोलणी चालू केली. ३ सप्टेंबरला शस्त्रसंधीवर गुपचूप सह्या झाल्या, ८ सप्टेंबरच्या संध्याकाळी रेडिओवरून घोषणा झाली.

आणि ९ सप्टेंबरच्या पहाटे राजा आणि पंतप्रधान रोम सोडून पळाले. सैन्याला धड आदेशही न देता! जर्मन आता मित्र की शत्रू, हे सैनिकांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. पोर्ता सान पाओलो या जुन्या वेशीपाशी काही तुकड्या आणि सामान्य नागरिक जर्मनांशी लढले, पण १० तारखेला शहर जर्मनांच्या हाती गेलं. देशभरात सहा लाखांच्या आसपास इटालियन सैनिकांना जर्मनांनी पकडून छावण्यांत धाडलं. मुसोलिनीला जर्मन कमांडोंनी डोंगरावरच्या कैदेतून सोडवलं आणि उत्तर इटलीत त्याचं नामधारी सरकार बसवलं.

म्हणजे १९४३ च्या शरदात इटली तीन तुकड्यांत होती: दक्षिणेत दोस्त राष्ट्रं आणि पळालेला राजा, उत्तरेत आणि मध्यावर जर्मन फौजा, आणि त्यांच्या आडोशाला उरलेसुरले फॅसिस्ट. रोम या मधल्या पट्ट्यात अडकलं. मागच्या रांगेतल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की काल मित्र असलेला देश आज ताब्यातला देश झाला होता.

‘खुलं शहर’ म्हणजे नक्की काय?

युद्धाच्या कायद्यात एक सोय आहे. १९०७ च्या हेग करारानुसार ज्या शहराचा बचाव केला जात नाही, त्यावर हल्ला किंवा बॉम्बफेक करता येत नाही. इथे फौज नाही, शस्त्रांचे कारखाने नाहीत, तुम्ही आलात तर आम्ही लढणार नाही, उगाच विध्वंस करू नका, असं जाहीर करणं म्हणजे शहर ‘खुलं’ करणं. जून १९४० मध्ये पॅरिस असं खुलं झालं आणि जर्मन फौजा न लढता आत शिरल्या. मनिलाही डिसेंबर १९४१ मध्ये खुलं जाहीर झालं होतं. जपान्यांनी तरीही बॉम्ब टाकलेच.

रोमची घोषणा झाली १४ ऑगस्ट १९४३ ला, म्हणजे इटली कागदोपत्री जर्मनीच्या बाजूनं असताना. आदल्याच दिवशी शहरावर दुसरा मोठा बॉम्बहल्ला झाला होता. घोषणा एकतर्फी होती. दोस्त राष्ट्रांनी ती कधी मान्य केली नाही, कारण आघाडीकडे जाणारे रेल्वेमार्ग आणि रस्ते रोममधूनच जात होते.

आपल्याकडे फाटकावर ‘येथे वाहने उभी करू नयेत’ अशी पाटी असते. समजा ती लावणारा मालक महिन्याभरात रातोरात घर सोडून पळाला. घरात दुसराच कुणी घुसला आणि त्यानं त्याच फाटकात आपले ट्रक उभे केले. वर कुणी दगड मारला की हाच गृहस्थ पाटीकडे बोट दाखवतो. रोममध्ये जर्मनांनी हेच केलं. शहर खुलं असल्याचं ते तोंडानं म्हणत राहिले आणि त्यांची रसद शहरातून जात राहिली. त्यामुळे बॉम्बही पडत राहिले.

चित्रपटात याचा एक झकास तुकडा आहे. बेकरी लुटून पिना पाव घेऊन चाललेली असते. शेजारचा पोलीस हवालदार तिला धड अडवतही नाही. दोन पाव त्याच्याही वाट्याला येतात. बोलता बोलता तो विचारतो, हे अमेरिकन खरंच आहेत तरी का? पिना समोरच्या बॉम्बनं उघड्या पडलेल्या इमारतीकडे नजर टाकते आणि म्हणते, असावेत बहुतेक. प्रेक्षक हसतो. पण मुक्ती देणारे आणि घर पाडणारे तेच आहेत, हे त्या बाईला पक्कं ठाऊक आहे.

पावाची लूट ही पटकथाकाराची कल्पना नव्हे. रोमकरांना शिधापत्रिकेवर दिवसाला १५० ग्रॅम पाव मिळत असे, तोही मार्च १९४४ मध्ये १०० ग्रॅमवर आला. संचारबंदी होती. भूमिगत गट हल्ला करून सायकलवरून पसार होतात म्हणून सायकलींवर बंदी आली. तरुण दिसला की उचलून मजुरीला पाठवायचे. चित्रपटात पुरुष जिन्यांवरून, तळघरांतून सारखे कुठेतरी लपत असतात ते यामुळे.

पाद्री आणि कम्युनिस्ट एकत्र कसे?

हा दुसरा हमखास प्रश्न. कम्युनिस्ट देव मानत नाहीत आणि कॅथलिक चर्चला कम्युनिस्ट चालत नाहीत, मग दॉन पिएत्रो आणि मानफ्रेदी यांची जोडी म्हणजे सिनेमातली भाबडी कल्पना नाही का?

नाही. तिचा कागदोपत्री पुरावा आहे. राजा पळाला त्याच दिवशी, ९ सप्टेंबर १९४३ ला, रोममध्ये सहा पक्षांनी मिळून राष्ट्रीय मुक्ती समिती स्थापन केली. तीत कम्युनिस्ट, समाजवादी, अ‍ॅक्शन पार्टी, कॅथलिकांचा पक्ष असलेले ख्रिश्चन डेमोक्रॅट, उदारमतवादी आणि लेबर डेमोक्रॅट असे सगळे होते. अध्यक्ष होते इव्हानोए बोनोमी, फॅसिझमच्या आधीच्या काळातले पंतप्रधान. राजाचं पुढे काय करायचं यावरही या मंडळींचं एकमत नव्हतं. एकमत होतं ते जर्मनांना आणि फॅसिस्टांना घालवण्यावर.

पडद्यामागेही अशीच मोट होती. पटकथेचा मुख्य लेखक सेर्जिओ आमिदेई कम्युनिस्ट होता, रॉसेलिनी नव्हता. तिसरा हात लागला तो विनोदी नियतकालिकात लिहिणाऱ्या फेदेरिको फेलिनी नावाच्या एका तरुणाचा. दॉन पिएत्रोंच्या भूमिकेसाठी आल्दो फाब्रित्सी हा विनोदी नट हवा होता आणि फेलिनीची त्याच्याशी दोस्ती होती.

ही मोट फार काळ टिकली नाही. मे १९४७ मध्ये कम्युनिस्टांना सरकारातून बाहेर काढण्यात आलं. एप्रिल १९४८ च्या निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि डावे एकमेकांसमोर असे उभे ठाकले, की चर्चनंही कम्युनिस्टांविरुद्ध सगळी ताकद लावली. रॉसेलिनीचं चित्रीकरण जानेवारी १९४५ मध्ये सुरू झालं. रोम मुक्त होतं, पण उत्तर इटली अजून जर्मनांच्या टाचेखाली होती आणि समिती शाबूत होती. तीन वर्षांनी हाच चित्रपट काढायचा म्हटलं असतं तर पाद्री तरी गळाला असता, नाहीतर कम्युनिस्ट तरी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या युतीच्या ऐन भरात तो निघाला, आणि त्याच्या बळाचं व त्याच्या काही मौनांचं कारणही तेच आहे. मौनांकडे पुढे येऊ.

यातलं खरं किती?

पिनाच्या मागे तेरेसा गुल्लाचे ही खरी बाई आहे. तिच्या नवऱ्याला धरपकडीत उचलून लष्करी बराकीत डांबलं होतं. ३ मार्च १९४४ ला व्हियाले जूलिओ चेझारे या रस्त्यावर बराकीबाहेर बायकांचा जमाव जमला होता. तेरेसा नवऱ्याकडे जायला पुढे सरली आणि जर्मन सैनिकानं तिला गोळी घातली. ती गरोदर होती. पडद्यावर पिना झालेली आना मान्यानी धावते तेव्हा रोमच्या प्रेक्षकाला ती कोण हे वेगळं सांगावं लागलं नसेल.

दॉन पिएत्रो दोन पाद्र्यांना मिळून घडवलेले आहेत. दॉन पिएत्रो पाप्पागाल्लो हे फरारी लोकांना खोटी कागदपत्रं मिळवून देत. फितुरीनं पकडले गेले आणि मार्च १९४४ मध्ये मारले गेले. दॉन जुझेप्पे मोरोझिनी भूमिगतांना शस्त्रं आणि माहिती पुरवत. त्यांना ३ एप्रिल १९४४ ला फोर्ते ब्राव्हेत्ता या किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या. गोळीबार पथकातल्या बहुतेकांनी नेम चुकवला आणि अखेर अधिकाऱ्यानं पिस्तुलानं त्यांना संपवलं, असं सांगितलं जातं. चित्रपटाचा शेवट तसाच आहे. इटालियन शिपाई जमिनीत गोळ्या झाडतात आणि जर्मन अधिकारी पुढे होतो.

गेस्टापोचं, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचं, मुख्यालय व्हिया तास्सो या रस्त्यावर होतं. हर्बर्ट काप्लर तिथला प्रमुख. साध्या राहत्या इमारतीच्या खिडक्या विटांनी बुजवून खोल्यांच्या कोठड्या केल्या होत्या. आज तिथे संग्रहालय आहे आणि कैद्यांनी भिंतींवर नखांनी, खिळ्यांनी कोरलेला मजकूर जपून ठेवलेला आहे. चित्रपटातला मेजर बर्गमान काप्लरवरूनच बेतलेला असला तरी हुबेहूब नाही.

बर्गमानचं कार्यालय जरा नीट बघा. मधल्या खोलीत टेबल, नकाशा आणि फोटो. हा माणूस शहरात फिरत नाही, फोटो चाळून शहर ओळखतो. एका बाजूच्या दारामागे छळाची खोली. दुसऱ्या बाजूच्या दारामागे दिवाणखाना, पियानो, पत्ते, मद्य. दारं उघडझाप होत राहतात. एका दारातून किंकाळी येते, दुसऱ्यातून संगीत, आणि दोन्हींमध्ये चार पावलांचं अंतर. छळ जितका पडद्यावर दिसतो त्याहून जास्त त्या दारांमुळे पोटात कालवतं.

“गप्प बसले असते तर एवढी माणसं मेली नसती”

हा आक्षेप इटलीतही आजतागायत घेतला जातो, आणि त्याला एक ठोस घटना चिकटलेली आहे. २३ मार्च १९४४ ला व्हिया रासेल्ला या गल्लीत भूमिगतांनी रस्ता झाडणाऱ्याच्या हातगाडीत बॉम्ब ठेवला आणि तिथून जाणाऱ्या जर्मन पोलीस तुकडीचे ३३ जण मारले गेले. जर्मनांनी एकास दहा असा हिशोब लावला. दुसऱ्याच दिवशी शहराबाहेरच्या आर्देआतीने खाणींत ३३५ माणसांना मानेत गोळी घालून मारलं. हिशोबानं ३३० व्हायला हवे होते. पाच जादा आणले गेले होते, त्यांनाही सोडलं नाही. त्यांत राजकीय कैदी होते, सुमारे ७५ ज्यू होते, दॉन पाप्पागाल्लोही होते.

“बॉम्ब ठेवणारे स्वतःहून हजर झाले असते तर निरपराध वाचले असते,” असं पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण हजर व्हा, असं आवाहन जर्मनांनी केलंच नव्हतं. त्यांचं जाहीर निवेदन आलं तेच मुळी शिक्षा अमलात आणली गेली आहे असं सांगायला.

आणि गप्प बसल्यानं माणसं वाचत होती का? रोमच्या ज्यू समाजाकडून काप्लरनं सप्टेंबर १९४३ मध्ये ५० किलो सोनं मागितलं, दिलं नाही तर २०० जणांना हद्दपार करण्याची धमकी देऊन. सोनं ठरल्या मुदतीत गोळा करून दिलं गेलं. तरीही १६ ऑक्टोबरला पहाटे वस्त्यांना वेढा पडला, हजाराहून जास्त स्त्री-पुरुष-मुलांना आउशवित्झला नेलं. परत आले सोळा. त्या लोकांनी ना बॉम्ब ठेवला होता, ना कुणाला लपवलं होतं. मागितलं ते मुकाट्यानं दिलं होतं.

म्हणून हल्ला करण्याचा निर्णय सोपा होता असं मी म्हणणार नाही. व्हिया रासेल्लात दोन इटालियन नागरिकही मेले, आणि कुणाच्या जिवाच्या किमतीवर लढायचं हा वाद खरा आहे. पण ‘गप्प’ हा सुरक्षित पर्याय होता, हे मात्र घडलेल्या गोष्टींशी जुळत नाही.

सगळा दोष जर्मनांवर ढकललाय का?

बऱ्याच अंशी, हो. चित्रपटावरचा हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे.

पडद्यावरचे खलनायक जर्मन आहेत. बर्गमान आणि त्याची साथीदार इंग्रिड यांना वागण्या-बोलण्यात ‘विकृत’ दाखवण्यासाठी समलैंगिकतेचे इशारे वापरलेत, ते आज पाहताना खटकतात आणि खटकायलाच हवेत. इटालियन फॅसिस्ट मात्र कुठे आहेत? एक पोलीसप्रमुख आहे, तो बर्गमानपुढे लाचार. बाकी हवालदार पाव घेतो, शिपाई नेम चुकवतात. जणू इटालियन माणूस मुळात भला, वरून आलेल्यांनी घात केला.

खरा इतिहास इतका प्रेमळ नव्हता. आर्देआतीनेच्या हत्याकांडासाठी यादीतली ५० नावं रोमचा पोलीसप्रमुख पिएत्रो कारुसो यानं पुरवली. तो इटालियन होता आणि मुक्तीनंतर सप्टेंबर १९४४ मध्ये त्याला देहदंड झाला. पिएत्रो कॉक नावाच्या इटालियनानं भाड्याच्या घरांत स्वतःची छळकेंद्रं चालवली. ज्यूंविरुद्धचे वंशवादी कायदे इटलीनं १९३८ मध्येच केले होते, जर्मन फौजा यायच्या पाच वर्षं आधी. चित्रपटात १६ ऑक्टोबरचा वेढा येत नाही. व्हिया रासेल्ला येत नाही. गंमत अशी, की बर्गमानच्या कार्यालयाचा सेट ज्या रिकाम्या हॉलमध्ये उभारला होता तो व्हिया देल्यी आव्हिन्योनेझीवर होता, व्हिया रासेल्लाच्या शेजारच्या, तिला समांतर जाणाऱ्या गल्लीत. बॉम्ब फुटला ते ठिकाण चित्रपटाच्या मंडळींपासून हाकेच्या अंतरावर होतं!

मग हे मौन का? माझ्या समजुतीप्रमाणे ते त्या युतीचं मौन आहे. व्हिया रासेल्ला कम्युनिस्ट गटांनी केलं होतं आणि त्यावरून समितीतच कुरबुर होती. ज्या गोष्टींवर पाद्री आणि कम्युनिस्ट दोघेही मान डोलावतील त्या पडद्यावर आल्या, बाकीच्या वगळल्या गेल्या. वीस वर्षं ज्या जमावानं मुसोलिनीच्या सभांना टाळ्या वाजवल्या, त्याला आरसा दाखवायची वेळ १९४५ मध्ये आली नव्हती, किंवा कुणाला ती आणायची नव्हती.

खुद्द रॉसेलिनीचा पूर्वेतिहास इथे सांगायलाच हवा. १९४१ ते १९४३ या काळात त्यानं फॅसिस्ट राजवटीखाली तीन युद्धपट काढले होते. त्यातल्या वैमानिकावरच्या चित्रपटाची कथा टोपणनावानं दिली होती खुद्द मुसोलिनीच्या मुलानं, व्हित्तोरिओनं. टोपणनाव म्हणजे त्याच्याच नावातली अक्षरं उलटसुलट केलेली. म्हणून ‘रोम, ओपन सिटी’ ढोंग ठरतो का? मला तसं वाटत नाही. पण पिनाच्या तोंडून आणि दॉन पिएत्रोंच्या तोंडून वारंवार येणारा ‘आपल्या वाट्याला हे का आलं’ हा सूर फक्त जर्मनांना उद्देशून नाही, हे एकदा हा इतिहास कळला की ऐकू यायला लागतं.

माहितीपट आहे का मग?

नाही, आणि तसा समज करून घेऊन बसलात तर घोटाळा होईल. नववास्तववाद म्हणजे स्टुडिओऐवजी खरे रस्ते, नटनट्यांच्या जोडीला साधी माणसं, आणि गरिबांच्या रोजच्या जगण्याची गोष्ट. हा चित्रपट त्याचा आरंभ मानतात. पण यात मान्यानी आणि फाब्रित्सी हे तेव्हाच्या रंगमंचावरचे नावाजलेले कलाकार आहेत, कार्यालयाचे प्रसंग सेटवर घेतलेत, आवाज नंतर भरलेले आहेत, आणि कथानकात फितुरी, त्याग, खलनायक असा अस्सल मेलोड्रामा आहे. दॉन पिएत्रो झडतीच्या वेळी बॉम्ब लपवण्यासाठी एका धडधाकट आजोबांना मरणासन्न दाखवू बघतात. आजोबा ऐकेनात तेव्हा तव्याचा एक दणका घालून त्यांना झोपवलं जातं! ही शुद्ध लोकनाट्याची चाल आहे, आणि लगेच पुढच्या प्रसंगात पिना मरते. हसलेलं तोंड मिटायच्या आत.

रस्त्यांवर चित्रीकरण झालं त्याला नाइलाजही कारण होता. चिनेचित्ता हा रोमचा प्रचंड स्टुडिओ तेव्हा निर्वासितांची छावणी झाला होता. मिळतील ते फिल्मचे तुकडे जोडून हा चित्रपट केला, अशी दंतकथा मात्र जरा जपून सांगावी. मूळ निगेटिव्ह तपासल्यावर त्यात मोजक्याच प्रकारची फिल्म सापडली.

त्या अमेरिकनांत आपलेही होते

हवालदार ज्यांच्याबद्दल शंका घेतो ते दोस्त सैन्य जानेवारी ते मे १९४४ रोमच्या दक्षिणेला मॉन्ते कासिनोच्या डोंगराशी अडकून पडलं होतं. जानेवारीत ते रोमपासून ५० किलोमीटरवर आन्झिओला उतरलं, तिथेही अडकलं. म्हणून चित्रपटातली माणसं नुसती वाट बघत राहतात. कासिनोत धडका देणाऱ्यांत भारतीय डिव्हिजनही होत्या. रोम मुक्त झालं ४ जूनला. महिन्याभरानं, १० जुलै १९४४ ला, रोममधून वाहणाऱ्या त्याच टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकट्यानं मशीनगनचा मोर्चा जिंकून तिथेच पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगावचे ते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाचे शिपाई दुसऱ्याला मुक्त करायला गेले, हा विरोधाभास खराच. पण त्याचा निवाडा करायला वेगळा लेख लागेल.

पाहायचाच असेल तर

जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात हा दाखवला गेला होता. आता त्याची डागडुजी केलेली स्वच्छ प्रत मिळते, लांबी पावणेदोन तासांच्या आसपास. सबटायटल्स नीट असलेली प्रत बघा, कारण इटालियन कोण आणि जर्मन कोण हे अर्धं भाषेवरूनच कळतं, आणि सगळं एकाच भाषेत डब केलेल्या प्रतीत ती खूण हरवते. छळाचे प्रसंग शेवटच्या अर्ध्या तासात आहेत. लहान मुलं सोबत असतील तर पिनाचा प्रसंग झाल्यावर थांबलात तरी चालेल.